निकाल टिकून आहे ना?

“कायदा चांगला आहे हो... पण आपल्या देशाचा नाही.”

आवाज मागून आला. मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसून आठवडाभर काढलेली टिपणं चाळत होते. मागे एक सडपातळ तरुण उभा होता, हातावर काळा कोट. मी कधी उठते याची वाट बघत असावा.

“म्हणजे?”

“साइटचा पत्ता बघा ना वर. हे समुद्रापलीकडचं. तिकडे तुम्ही जिंकलात, अभिनंदन!”

मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं, मग रडू. बिचारा इतका घाबरला की कोट जमिनीवर टाकून पाणी आणायला धावला.

पाणी पिऊन मी त्याला सगळं सांगितलं. आमचा पडदे शिवायचा छोटा कारखाना. आई आणि तिचे भागीदार, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणते. मामा वेगळे झाले, पुढच्या गल्लीत दुकान काढलं, आणि वकिलाकरवी नोटीस पाठवली – ‘पाटीवरचं नाव आमचं आहे, उतरवा.’ ते नाव म्हणजे आजोबा आईला ज्या लाडाच्या नावाने हाक मारत, ते. नोटीस वाचून आईने कात्री खाली ठेवली, ती पुन्हा कापडाला हातच लावेना. वकील परवडत नव्हता. म्हणून मी इंटरनेटवर. फुकट ते पौष्टिक!

“मीसुद्धा फुकट्याच,” तो म्हणाला. “नवा वकील आहे. ऑफिसात पैसे भरून घेतलेली निकालांची साइट आहे, पण साहेब तिचा पासवर्ड जिवापलीकडे जपतात.”

त्याने खुर्ची ओढली. कोर्टाच्या स्वतःच्या साइटवर निकाल फुकट वाचता येतात. सरकारी साइटवर कायदा असतो, दुरुस्त्यांसकट. व्यापारी नावं कुणी नोंदवलीत ते नोंदणी कार्यालयाच्या साइटवर दिसतं. आम्ही तिथे पाहिलं. आमचं नाव ना आईने नोंदवलं होतं, ना मामांनी.

“आणि एक नियम,” त्याने बोट वर केलं. “निकाल सापडला की नाचायचं नाही. वरच्या कोर्टाने तो फिरवलाय का, ते आधी बघायचं. टिकून असेल तरच आपला.”

मग रोज दुपारी मी तिथे जाऊ लागले. तो ओठ हलवत वाचायचा, मधेच माझ्याकडे बघायचा आणि ओळ हरवायचा. खिडकीचा पडदा एका बाजूने उसवून लोंबत होता. मला ते बघवेना. एके दिवशी सुईदोरा घेऊन गेले आणि स्टुलावर चढून टाके घालू लागले.

“सापडला!” तो एवढ्यात ओरडला. “बाहेर पडणाऱ्या भागीदाराला नाव नेता येत नाही. चला, पक्षकार, गंगेत घोडं न्हालं!”

मामा आणि त्यांच्या वकिलाबरोबर बैठक ठरली होती. तिच्या आदल्या दिवशी सकाळी मी तो निकाल पुन्हा उघडला. नियम नियम असतो. कोर्टाच्या साइटवर शोधलं... आणि जे दिसलं ते छापून घेतलं.

दुपारी त्याच्यासमोर कागद ठेवला. “फिरवलाय. वरच्या कोर्टाने.”

त्याचा चेहरा उतरला. “मी... बघितलंच नाही.”

“नियम तुमचाच होता ना? का नाही बघितलंत?”

“तुम्ही स्टुलावर उभ्या होतात,” तो हळूच म्हणाला. “टाके घालत.”

मला गोड वाटलं, आणि संतापही आला. “माझ्या आईची पाटी आहे ती! उद्या भर बैठकीत तोंडावर आपटलो असतो.”

“चूक माझी. शंभर टक्के. पण बसा... हा वरचा निकाल शेवटपर्यंत वाचू.”

कंटाळवाणा होता तो. पण शेवटाकडे एक परिच्छेद होता – धंद्याचं नाव सर्वसाधारण असेल तर ते दोघांचं. पण ते एका भागीदाराचं स्वतःचंच नाव असेल, तर ते त्याच्याकडे राहील. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणी नाचलं नाही. आधी त्याने तपासलं, मग मी. टिकून होता.

बैठकीत मामांच्या वकिलाने तो परिच्छेद दोनदा वाचला. मामा आईकडे न बघता म्हणाले, “राहू दे पाटी. तुझंच नाव आहे ते.”

बाहेर पायऱ्यांवर तो माझी वाट बघत, कोट सावरत उभा होता. मी होकारार्थी मान हलवली आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

“आता एक बोलू? ...मला तू आवडतेस.”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. माझे कान तापले. मलाही तो आवडत होता, पाण्याचा ग्लास घेऊन धावला तेव्हापासून.

“मलाही तू,” मी म्हटलं. “पण निकाल टिकेल ना? वरचं कोर्ट आहे.”

“कुठलं?”

“आई. उद्या चहाला ये.”

तो आला. आईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. नजर कोटाच्या उसवलेल्या बाहीवर थांबली. तो घाबरून हात मागे लपवू लागला.

“काढ तो कोट,” आई म्हणाली, आणि नोटीस आल्यापासून पहिल्यांदा तिने सुई हातात घेतली.