अरुंद पुलावर दत्तोबांची दत्तोबांशी गाठ

आपण जसे वागतो तसेच सारे जग वागू लागले, तर त्या जगात आपला निभाव लागेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने एकदा तरी स्वतःस विचारावा असा आहे. वाईच्या वाहतूक प्रयोगशाळेत तो एका खेळाने विचारला.

दत्तोबा ढमाळ त्या खेळयंत्रापुढे आले तेव्हा पडद्यावर रंगीबेरंगी गाड्या बागडत होत्या आणि सायकलवरचा एक हत्ती सोंड उंचावून नमस्कार करीत होता. अडतीस वर्षे त्यांनी एस.टी. चालवली, कोणास साधा ओरखडाही काढला नाही. शहराच्या चाळीस स्वयंचलित बसगाड्यांना एका माणसाची रीत शिकवायची होती. ती आपली असावी, आपल्या पश्चात रस्त्यावर नांदावी, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रतिस्पर्धी होता तरुण अभियंता जयवंत राऊळ.

"पाच मिनिटांत बाजारातून निघून पूल ओलांडायचा," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. विशाखा शेंडगे म्हणाल्या. "पुलावर एका वेळी एकच गाडी मावते."

"समोरच्या गाड्या कोण चालवतं, बाईसाहेब?"

"तुम्हीच. आठवडाभर यंत्रानं तुमच्या सवयी टिपल्या, त्यातून तुमचं मनोबिंब तयार झालं. तेच बाकीच्या सगळ्या गाड्यांत बसवलंय; जयवंत खेळेल तेव्हा त्याचं. उद्या चाळीसही बसमध्ये एकच मन असेल, म्हणून आज त्याची त्याच्याशीच गाठ घालायची."

जयवंत आधी बसला. हॉर्न वाजवीत बाजार पार करून तो पुलावर शिरला, त्याच क्षणी समोरूनही एक गाडी शिरली. नाकाला नाक भिडले. मागे रांगा लागल्या. कोणी मागे सरेना. हत्ती सायकल टेकवून खाली बसला.

"काय आडमुठा आहे हा समोरचा," जयवंत पुटपुटला.

"आरशात बघून बोलताय जणू," दत्तोबा म्हणाले.

मग ते बसले. बदकांना, हत्तीला, सर्वांना वाट देत ते पुलाशी पोहोचले. पलीकडे एक गाडी आधीच थांबलेली होती. तिने दिवा लुकलुकवला : या. दत्तोबांनीही दिवा लुकलुकवला : आधी तुम्ही. तिने पुन्हा. यांनी पुन्हा.

"काका, जा की आता," जयवंत म्हणाला.

"समोरचा थांबलेला असताना कसं जायचं?"

"समोर तुम्हीच आहात, काका."

वेळ संपली. पूल रिकामाच राहिला. अडतीस वर्षांच्या आपल्या थांबण्याला नेहमी कोणाच्या तरी जाण्याचा आधार होता, हे दत्तोबांना प्रथमच उमगले. पण उतरण्याऐवजी ते म्हणाले, "बाईसाहेब, या पोराला त्या टोकाला घाला. मी या टोकाला थांबतो."

विशाखाबाईंनी तशी जोडणी केली. पलीकडून जयवंताची मनोबिंबे धडाक्यात येऊ लागली. अलीकडे दत्तोबांची शांतपणे थांबत, आणि पूल मोकळा होताच निघत. घटकाभरात दोन्ही रांगा ओसरल्या. हत्ती पुन्हा सायकलवर चढला.

निर्णय तिथेच झाला. प्रत्येक बसला दोन मने द्यायची : शहरातून बाहेर जाताना जयवंताचे, परतताना दत्तोबांचे. मग पुलावर सारख्या मनाच्या दोन गाड्या कधीच समोरासमोर येणार नाहीत.

"हॉर्न मात्र जाताना-येताना माझाच ठेवा," दत्तोबा म्हणाले. "एकदाच वाजतो."

जयवंत हसला आणि त्याने मान डोलावली.

जाणाऱ्यास वाट लाभो, थांबणाऱ्यास विसावा लाभो. आणि पुलाच्या दोन टोकांवरून त्यांची दृष्टादृष्ट होईल तेव्हा दोघांच्याही मुखी हसू असो.