चघळलेले घास

शांभवीने घास गिळला नव्हता. तो तिच्या डाव्या गालात कधीचा साचून राहिला होता, आणि डोळे समोरच्या मोबाइलवरच्या नाचणाऱ्या अस्वलाला चिकटले होते. मंजुषाने लेकीच्या ओठांखाली तळहात धरला. चार वर्षांच्या त्या पोरीने सवयीने तोंड उघडले, आणि दूध, साखर, कुस्करलेली भाकरी आणि लाळ यांचा एक कोमट, पांढुरका गोळा मंजुषाच्या हातावर घसरला. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. मंजुषाने दाराकडे एकदा पाहिले, श्वास रोखला, आणि तो गोळा स्वतःच्या तोंडात टाकला.

जिभेला लागण्याआधी गिळायचा, हे ती आता शिकली होती. तरीही घशाच्या तळाशी एक आंबूस, बुळबुळीत स्पर्श मागे उरेच... आणि त्या स्पर्शाने तिचे सारे अंग शहारून जाई. मग ताटात राहिलेला थिजलेल्या तुपाचा भात, बोटांनी चिवडलेले वरण, एकदा तोंडात जाऊन परत आलेली गव्हाची गोड हुग्गी! सारे संपवून ती ताटात पाणी ओती, बोटाने कडा धुई, आणि ते धुवण पिऊन टाकी.

निलंग्याच्या त्या डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरात ताटात शीत राहत नसे. सासूबाई कमलम्मा लिंगपूजेशिवाय पाणी घेत नसत. ताटात आले ते शिवाचा प्रसाद, ते टाकणे म्हणजे देवाला लाथाडणे, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ताट धुऊन ते पाणी पिण्याचा नेम त्यांनी लहानपणापासून पाळला होता. त्या नेमात एक सौंदर्य होते, हे मंजुषालाही मान्य होते. तिच्या माहेरीही तोच नेम होता. पण कमलम्मा स्वतःच्या ताटात भुकेपुरते वाढून घेत, आणि नातीचे ताट मात्र आपल्या मायेच्या मापाने भरत. त्या मायेला तळ नव्हता. त्यांचा मुलगा संगमेश्वर लहानपणी काडीसारखा होता, आणि दुकानात डाळीची थप्पी असून पोराच्या अंगावर मांस नाही म्हणून जावांनी त्यांना भर लग्नात हिणवले होते. तो अपमान त्या नातीच्या तोंडात घासाघासाने भरत होत्या. पोरीने तोंड मिटले की मोबाइल पुढे येई, तरीही मिटले तर नाक दाबले जाई. कधी पोर ओकली तर तोंड पुसून नवा घास तयार असे.

लातूरच्या बालरोगतज्ज्ञांनी शांभवीला काट्यावर उभे केले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर झाला होता. हे वजन आठ वर्षांच्या मुलीचे आहे, तिला भुकेवर खाऊ द्या, ताट तिला संपवायला लावू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कमलम्मांनी ते परतीच्या बसमध्येच उडवून लावले. डॉक्टरला काय कळतंय, त्याचं स्वतःचं पोट बघ की, असे म्हणून त्या हसल्या होत्या. संगमेश्वर आईपुढे बोलला नाही. तो कधीच बोलत नसे.

तेव्हापासून मंजुषाने हा मार्ग धरला होता. पहिले घास भरवून सासूबाई बाहेर गेल्या, की उरलेले ताट ती स्वतःच्या पोटात रिचवी. लेकीच्या पोटात जाणारे विष आपण पिऊन टाकावे, इतकाच तिचा साधा, आंधळा हिशेब होता. पण कमलम्मांना दिसे ते रिकामे, धुतलेले ताट. पोर सगळे खाते, तिला अजून लागते, असे मानून त्या दुसऱ्या दिवशी एक पळी जास्त वाढीत. पहिलेच घास इतके मोठे होत गेले, की लेक फुगतच राहिली, आणि आईही! मंजुषाचे दंड ब्लाउजमध्ये मावेनात, जिना चढताना धाप लागू लागली, रक्तात साखर निघाली. स्वतःची भाकरी तिने कधीच अर्ध्यावर आणली होती. तरी संगमेश्वर हसत म्हणे की तू लई सुटून राहिलीस, आणि त्या हसण्याने तिच्या मनात अपमानाची एक मूक ज्वाला भडकून विझे.

त्या दिवशी कमलम्मांची भावजय नागुबाई उदगीरहून आली होती. दुपारची जेवणे उरकली, शांभवीचे ताट तेवढे मागे उरले. उरलेले लेकीला भरवते म्हणून मंजुषा ते घेऊन स्वयंपाकघराकडे वळली तशी नागुबाईने तिला मागून पुढून न्याहाळले.

"वन्सं, सुनेला लई सुखात ठेवलं बघा तुम्ही."

"नातीचं रिकामं ताट तर मी रोज बघते," कमलम्मा पान लावीत म्हणाल्या. "ही मात्र कधी खाते ते कुणाला दिसत न्हाई. पंगतीत अर्धी भाकरी, आन् अंग बघा."

दोघी हसल्या. ते हसणे द्वेषाचे नव्हते. म्हणूनच ते अधिक बोचले. मंजुषाने हातातल्या ताटाकडे पाहिले. भातावर तुपाची पिवळी साय धरली होती, वरणात दोन चघळलेले गोळे विरघळत होते, आणि ताटाच्या कडेवर लेकीच्या लाळेची तार वाळत होती. तिच्या पोटातून एक उमासा आला... आणि या वेळी तो तिला दाबता येईना. ती परत फिरली आणि ताट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले.

"आत्या, आज हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. प्रसाद हाय ना? आज तुम्ही घ्या."

कमलम्मांना आधी काही उमगलेच नाही. मग उमगले ते फक्त आव्हान, आणि तेही पाहुणीसमोर! त्यांनी पान बाजूला ठेवले, पदर सारखा केला, आणि मानी बाई ताठ बसून जेवू लागल्या. पहिला घास गेला. दुसऱ्या घासाबरोबर त्यांच्या दातांखाली काहीतरी मऊ, लिबलिबीत, आधीच कुणीतरी चावलेले आले... त्यांचे डोळे विस्फारले. तोंडावर हात दाबून त्या मोरीकडे धावल्या. वांतीचा आवाज बाहेर येत होता, आणि नागुबाई खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने बसची वेळ झाली म्हणून ती हलकेच निघून गेली.

मंजुषा मोरीत गेली. तिने सासूबाईंची पाठ चोळली, कपाळ धरले, चूळ भरायला तांब्या दिला. भिंतीला टेकत कमलम्मांनी विचारले,

"रोज हे... तू?"

"दोन्ही वेळा."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेच तिच्या तोंडात घातलं असतं, आत्या." मंजुषाचा आवाज फुटला. "पण चूक माझी बी हाय. रिकामं ताट मीच दाखवत गेले. तुम्ही वाढतच गेलात."

 सुनेच्या सुजलेल्या मनगटावर कमलम्मांनी आपला ओला हात ठेवला. लेकराच्या पोटात आपण रोज काय कोंबत होतो, हे आता त्यांच्या स्वतःच्या घशाला कळले होते. आणि त्या जाणिवेची शिसारी कितीही चुळा भरल्या तरी जाईना.

संध्याकाळी त्यांनी नातीचे ताट भरले नाही. भाकरीचा एक चतकोर आणि थोडे वरण पुढे ठेवले, मोबाइल कपाटात टाकला. शांभवीने आकांत केला, ताट ढकलले, आणि न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशीही तिने जेमतेम चिमणीएवढे टिपले. कमलम्मा स्वयंपाकघरात येरझारा घालीत, हात पदराखाली दडवून ठेवीत. भरवण्याच्या सवयीचे ते हात त्यांना आता आवरत नव्हते. त्यांनी स्वतःही धड अन्न घेतले नाही. मंजुषा हे सारे पाहत होती, आणि सासूबाईंविषयी इतकी वर्षे न आलेली करुणा तिच्या मनात दाटून येत होती.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी शांभवी खेळता खेळता थबकली, पोटावर हात ठेवून आजीकडे आली.

"अव्वा, पोटात कुणीतरी ओढून राहिलंय."

कमलम्मांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दुकानात निरोप धाडायला सांगितले, गाडी बघ, पोरीला लातूरला न्यायचंय. मंजुषाने लेकीचे कपाळ चाचपले. ताप नव्हता. पोट मऊ होते. ती क्षणभर लेकीकडे बघतच राहिली... मग उठून तिने भाकरीचा तुकडा आणून तिच्या हातात दिला. शांभवीने तो स्वतःच्या हाताने मोडला, स्वतःच चावला, स्वतःच गिळला.

"आता?"

"थोडं ओढतंय अजून," पोर म्हणाली, आणि हात पुढे केला.

चार वर्षांच्या आयुष्यात त्या लेकराला भूक पहिल्यांदाच भेटली होती, आणि तिचे नावही त्याला ठाऊक नव्हते! कमलम्मा नातीसमोर खाली बसल्या. डोळ्यांतून आसवे वाहत होती आणि त्या भान हरपून नातीचा हलणारा जबडा पाहत होत्या. काही वेळाने शांभवी बास म्हणाली. कमलम्मांचा हात पातेल्यातल्या पळीकडे गेला, तिथेच अडखळला, आणि रिकामाच मांडीवर परत आला. शांभवी अंगणात पळाली.

मग कमलम्मांनी एक कोरे ताट घेतले, त्यात सुनेसाठी ताजी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली.

"मंजू, तू खा आता. गरम हाय."

मंजुषाने ताट जवळ ओढले. भाकरीची वाफ नाकाशी येताच तिच्या घशात तोच जुना, बुळबुळीत उमासा दाटला. तिने हात मागे घेतला.

"मला भूक न्हाई, आत्या. कशी लागते तेच आठवत न्हाई."

कमलम्मांनी आग्रह केला नाही. त्यांनी भाकरीवर स्वच्छ फडके झाकले, चूल मंद केली, आणि सुनेच्या शेजारी उंबऱ्याला टेकून बसल्या.

"न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "मी हाय इथंच. लागली की सांग, मग दोघी बसू."