गुणगुणणारा अँप

"आत्या, दादाचा गिटारचा अँप सापडलाय! जुन्या वाद्यांच्या दुकानात विकायला ठेवलाय. लगेच ये."

भाचीचा फोन होता. आत्याने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. निवृत्त झाली तरी राखेत काडी फिरवून बघायची सवय काही सुटली नव्हती.

दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. भाड्याच्या खोलीत, गिटार वाजवत, माइकसमोर गाताना गेला. सकाळी घरमालकाला दिसला. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. एवढ्या तरण्याताठ्या मुलाचं? काहीतरी नशेचं घेत असणार, असं लोक कुजबुजले. तेव्हापासून त्याच्या आईने चारचौघांत जाणंच सोडलं. खोलीतली गिटार जागेवर होती, माइक जागेवर होता. फक्त अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा तो खोका, नाहीसा झाला होता.

दुकानात भाचीबरोबर ठोक्या उभा होता. दादाच्या बँडचा ड्रमर. अँपमधलं त्याला कळायचं, म्हणून तिनेच सल्ल्याला बोलावलं होतं.

"घेऊ नकोस," तो म्हणत होता. "आत बराच फेरफार केलाय. आणि हा त्याचा नाहीच."

"हँडल बघ की!" चामड्याच्या हँडलवर वेडीवाकडी हिरवी शिवण होती. "मी शिवलंय हे. तीन सुया मोडल्या आणि वर दादाची बोलणी खाल्ली."

आत्या दुकानदाराकडे वळली. "कुठून आणलात?"

"भंगारवाल्याकडून."

"त्याला कुणी दिला?"

"ते कोण विचारतं हो? मी फक्त धूळ झाडली."

तो नजर चुकवत होता. आत्याला ते आवडलं नाही.

"चालू करून दाखवा. माइकसुद्धा जोडा."

वाटेत जुना टेबलफॅन घरघरत होता, वायरीची साल निघालेली. ठोक्याने तो चालू असतानाच पंजात धरून बाजूला केला. दुकानदाराने बटण दाबलं. अँपच्या मागच्या जाळीतून काचेचे बल्ब हळूहळू तांबूस झाले आणि गुणगुण सुरू झाली. खालच्या पट्टीतली, न थांबणारी. कुणीतरी ओठ मिटून गात असावं तशी.

भाची अँपजवळ सरकली. शाळेच्या परीक्षांपासून हाच आवाज तिने भिंतीपलीकडून ऐकला होता. दादा आत्ता पलीकडच्या खोलीत बसलाय, हाक मारली तर ओ देईल, असं तिला वाटलं. तिला रडूच फुटलं.

"दादा शेवटच्या फोनवर काय म्हणाला माहितेय? 'अगं, आजपासून हा गप्प! आत्ताच दुरुस्त झालाय.' त्या रात्रीच तो..."

"तेच सांगतोय," ठोक्या म्हणाला. "त्याचा अँप गप्प होता. हा गुणगुणतोय. मग हा त्याचा कसा?"

त्याने दुकानातली एक गिटार अँपला जोडून उचलली. तारांना आधी बोटांची मागची बाजू जेमतेम टेकवली, चटकन काढली. मग एक सूर छेडला.

"तुमची शेवटची भेट कधी झाली होती?" आत्याने सहज विचारलं.

"कुठली भेट! मी दौऱ्यावर होतो. दोन महिने आमचं बोलणंसुद्धा नव्हतं."

आत्याने अँप बंद करून मागची पाटी उघडायला लावली. आतले सगळे सोल्डरचे डाग जुने, काळपट होते. एकच वायर कापून पुन्हा जोडलेली होती. तिच्यावरचा डाग मात्र जाड आणि ओबडधोबड होता.

"ही अर्थिंगची," दुकानदार चाचरत म्हणाला. "हिला तोडलं की कधीकधी गुणगुण जाते. पण आत करंट फुटला तर थेट गिटारच्या तारांत. आणि तारांवर हात ठेवून कुणी माइकला ओठ लावले, तर करंट थेट छातीतून जातो."

त्याने वायरीवरून हात मागे घेतला. पंखा घरघरत होता.

"अँप दादाचाच आहे," आत्या म्हणाली. "वर्षानुवर्षं गुणगुणत होता. एकाच संध्याकाळी गप्प झाला, आणि ते दादाने फक्त हिला सांगितलं. ठोक्या, तुमचं बोलणंच नव्हतं, मग हा गप्प झाल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"हिनेच... आत्ता..."

"हिने दुरुस्तीचं आत्ता सांगितलं. 'हा त्याचा नाहीच' हे तू त्याआधीच म्हणालास, हँडल डोळ्यांसमोर असताना. सोललेल्या वायरीचा पंखा तू बेधडक धरलास, पण या तारांना शॉक तपासतात तसं उलट्या बोटांनी चाचपलंस. ह्या चावतात, हे तुला ठाऊक आहे."

ठोक्याने गिटार खाली ठेवली.

"रेकॉर्डिंग होतं त्याचं. गुणगुण घालव म्हणून मागेच लागला होता. मी वायर तोडली, निघालो. जिन्यात असताना धप्प आवाज आला." त्याने तोंड पुसलं. "परत गेलो. बटण बंद केलं, अँप उचलला आणि पळालो. नंतर वायर जोडली, आणखी कुणाला लागायला नको म्हणून. मग भंगारात दिला."

"तू परत गेलास, तेव्हा तो गेला होता?"

ठोक्याने दाराकडे बघितलं.

"आत्या काय विचारतेय?" भाची किंचाळली. "सांग ना!"

"ओठ हलत होते त्याचे," तो म्हणाला. "गुणगुणल्यासारखे."

आत्याने पोलिसांना फोन लावला. दुकानदाराने पाटी बसवली आणि काय बोलावं ते न सुचून भाचीला म्हणाला, "ताई, घेणार असाल तर गुणगुण काढून देतो. धोका नसलेले उपाय असतात."

भाचीने दोन्ही हातांनी हिरव्या शिवणीचं हँडल धरलं.

"घेणार आहे. पोलिसांचं झालं की घरी नेणार. पण गुणगुण राहू दे," ती म्हणाली. "आईला ऐकवायचीय. आणि दादाने काही घेतलं नव्हतं, हे सांगायचंय."