पाण्यात न टाकताही थांबणारं घड्याळ

मिनलला अंकुश पहिल्यांदा भेटला, तेव्हा तो साठ वर्षांची अमेरिकन बाई होता.

तसं त्याच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ‘जहाजातून आलेली आजी, हात सैल, गुडघे दुखतात.’ सीताबर्डीत बॅगांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ही शिकवणी चालायची. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर नागपूरच्या एका शेठचं ड्यूटी-फ्री दुकान होतं, त्याला इथून एक माणूस न्यायचा होता. जहाजं सकाळी बेटाला लागतात, पाहुणे उतरतात, करमुक्त घड्याळं नि अत्तरं बघून वेडे होतात आणि चारच्या आत जहाजावर परततात. त्या मधल्या सहा तासांत त्यांना विकायचं. बारा उमेदवार होते. निम्मे रोज विकायचे, निम्मे पाहुणे व्हायचे, आणि दर शनिवारी दोघं गळायचे.

अत्तराच्या बाटल्या रिकाम्या होत्या, म्हणून त्यांत शाईचा थेंब टाकलेलं पाणी भरलं होतं. भिंतीवर समुद्राचं चित्र, बाहेर शेहेचाळीस डिग्री. मिनलनं आजींच्या मनगटावर ते पाणी फवारलं. आजींनी डोळे मिटून वास घेतला... बराच वेळ घेतला.

“काहून वं पोरी,” आजी जाड आवाजात म्हणाल्या, “हा वास माझ्या मिस्टरले आवडंन का?”

“मिस्टर आहेत का?”

“नाही. म्हणून तर विचारून राहिली.”

मिनलला हसू आलं. हसण्याचे गुण कापले गेले.

पुढच्या पाच आठवड्यांत अंकुश तिच्यासाठी निवृत्त पायलट झाला, नवपरिणीत जोडप्यातली रुसलेली नवरी झाला, आणि एकदा तर नुसता एक माणूस, ज्याला काहीच नको होतं पण काउंटरपासून हलवत नव्हतं. चिठ्ठीत तसं काही नव्हतं, हे तिनं नंतर वाचलं. त्याची बोटं लांब होती, बाटली परत देताना ती उगाच रेंगाळायची... आणि मग तो खोकायचा. बाहेर गॅलरीत जाऊन, पाठ करून, रुमाल तोंडाशी धरून.

तीन वर्षं तो बुटीबोरीत एका सूतगिरणीत होता. रुईचं तूस छातीत बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, हवा बदला, जिथं धूळ नाही तिथं जा, नाहीतर पस्तिशी पाहणं कठीण. अशी हवा कुठं मिळते, ते मात्र डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं. अंकुशनं हे सगळं तिला बर्फाचा गोळा खाताना सांगितलं, जसं कोणी बसचा रूट बदलल्याचं सांगावं. तिचा गोळा हातातच वितळला. त्याच दुपारी तिनं ठरवलं, की बेटावर हाच जाईल.

शेवटच्या शनिवारी दोघंच उरले. मार्तंड सरांनी, म्हणजे सीताबर्डीत तीस वर्षं साड्या विकून आता माणसं पारखणाऱ्या गृहस्थांनी, नियम सांगितला. माल विकला गेला, तर विकणारा जाणार. नाही गेला, तर न फसलेलं गिऱ्हाईक जाणार. चिठ्ठ्या निघाल्या. मिनल विकणार होती, अंकुश पाहुणा.

तिला हायसं वाटलं. हरणं तिच्या हातात होतं.

“हे घड्याळ,” ती म्हणाली, “तुमच्या गावात याच्याहून स्वस्त मिळेल. पट्टा चामड्याचा नाही. पाण्यात टाकलं तर थांबते.”

“आणि नाही टाकलं तर?”

“तरी थांबते.”

अंकुशनं घड्याळ उचललं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की ठेव बावा ते खाली... ठेव. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं हे तिलाही समजलं.

“दोन द्या,” तो म्हणाला.

मार्तंड सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तीस वर्षं विकलं, म्हणाले, पण खरं बोलून विकायची छाती झाली नाही. मिनलनं सांगितलं की तिला जायचं नाही, याला पाठवा. सर तिच्याकडे दयेनं बघत म्हणाले, जो बंद घड्याळं दोन-दोन घेतो, त्याला काउंटरवर उभा केला तर शेठला जहाजात बसून पळावं लागेल. ती नाही गेली तर जागा रायपूरच्या बॅचला जाईल, एवढंच.

तिनं नोकरीच्या पत्रावर सही केली. जिन्यात अंकुश खालच्या पायरीवर बसला होता.

“काहून घेतलं गा?”

“तू हरून राहिली होती माझ्यासाठी.” तो भिंतीकडे पाहत बोलला. “माझ्यासाठी आजवर कोणी काही हरलं नाही. मले जमलं नाही ते... बघत बसणं.”

“तुले जायचं होतं. तुले जगायचं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “ते आहेच.”

खाली बॅगवाला कोणाला तरी चाक तुटलेली बॅग आजन्म टिकेल म्हणून विकत होता. मिनल अंकुशच्या शेजारी बसली आणि पत्र उघडलं. नववी अट तिनं सावकाश वाचून दाखवली. एक वर्ष नोकरी झाली, की कर्मचाऱ्याला आपला नवरा किंवा बायको बेटावर बोलावता येते. राहायची सोय दुकानाकडून.

“तुले नवरा कुठं आहे?” त्यानं विचारलं.

“विमानाला चाळीस दिवस आहेत. कोर्टात लग्नाची नोटीस तीस दिवसांची असते. दहा उरतात.” तिनं पत्राची घडी घातली. “मी वर्षभरानं बोलावते. तोवर तू... राहशील ना?”

अंकुश काही बोलायला गेला आणि खोकला आला. लांबला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, हाताखाली फासळ्या लागत होत्या. शेवटी त्यानं मान हलवली, वरखाली, दोन-तीनदा. खोकल्यानं हलली की होकारानं, हे तिनं विचारलं नाही. होकारच धरला, आणि नोटिशीला फोटो लागतात म्हणून त्याचे विस्कटलेले केस नीट केले.