सगळ्यात मोठा हशा

घसा बसला होता तिचा, म्हणून आम्ही गोळ्या घ्यायला थांबलो. एवढंच काम होतं, बरं का. पहिल्यापासूनच डोळे मोठे करून बसू नका. आणि तू, तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर. भुताची गोष्ट ऐकायची आणि तोंडावर दिवा घेऊन बसायचं, हे माझ्याकडे चालणार नाही.

मी साउंडवाला माणूस, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. हे माझ्या बाबतीत घडलेलंच नाही. घडलं ते सिस्टरच्या बाबतीत. मी फक्त दारात उभा होतो.

सिस्टर म्हणजे ती विनोद सांगणारी. पोस्टरवर तेवढंच नाव असायचं. आधी ती खरीखुरी नर्स होती, मोठ्या हॉस्पिटलात. नोकरी सोडून स्टेजवर आली आणि बघता बघता हॉल कमी पडायला लागले. डॉक्टर राउंडला कसे झपाझप चालतात, पेशंटची सून रडता रडता डॉक्टरांचा बूट कुठल्या कंपनीचा ते कशी बघते, सगळं एकटी करून दाखवायची. मी एवढ्यांचे माइक सांभाळले, पण लोकांना असं लोळवताना दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही.

पण लोक यायचे ते आजीसाठी. पोटाचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी. तोंडातून थेंबभर काही द्यायचं नाही, आणि ती रात्रभर पाणी मागते. "अगं, त्या कुंडीला तरी घाल, मी नुसती बघते." मग थोड्या वेळानं, "मला नको बाई, माझ्या कवळीला तहान लागलीय." पब्लिक हसून हसून मेटाकुटीला यायचं. शेवटी आजी शाळकरी पोरीसारखा चेहरा करून म्हणायची, "अगं, मला द्यायला सांगितलंय. खरंच सांगितलंय!" त्यावर नर्स कमरेवर हात ठेवून, "हो का आजी? फारच हुशार हो तुम्ही!" तिथे सगळ्यात मोठा हशा. तिथे मी तिचा माइक थोडा वर घ्यायचो, नाहीतर पुढचं वाक्य कुणाला ऐकूच जायचं नाही.

त्या दिवशी डिसेंबरचा दुसरा शनिवार होता. शो होता तिच्या जुन्या गावात, जिथे ती नर्स होती तिथे. इतकी वर्षं तिथलं बोलावणं तिनं एकदाही घेतलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायची, "दादा, तिथे मला ओळखणारे आहेत." अगं मग बरंच की, मी म्हणायचो, तर विषय बदलायची. या वेळी कशी तयार झाली, देव जाणे. शो झकास झाला. आजीला तर लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या, आणि नेमका त्यानंतर तिचा घसा बसला.

सामान भरून निघालो तेव्हा पावणेबारा वाजले होते. सगळी दुकानं बंद, उघडं फक्त हॉस्पिटलातलं मेडिकल. मी फाटकापाशी गाडी लावली. म्हटलं, बस तू, मी आणतो. तर म्हणाली, "मला रस्ता माहीत आहे."

बराच वेळ झाला तरी हिचा पत्ता नाही. मी हॉर्न दिला, मग हॉस्पिटल आहे हे आठवून स्वतःलाच शिव्या दिल्या आणि उतरलो. मेडिकलवाला जांभई देत म्हणाला, "सिस्टर ना? गोळ्या घेतल्या आणि बायकांच्या वॉर्डाकडे गेल्या."

लांबलचक व्हरांडा होता. एकाआड एक दिवा लावलेला. आणि पार शेवटून हसण्याचा आवाज येत होता. म्हटलं, झालं! ही बया इथेही सुरू झाली. घसा फुटला तरी गप्प बसायची नाही.

वॉर्डाच्या दारातच ड्यूटीवरची नर्स उभी होती. कोवळी पोरगी, तोंडावर हात दाबून हसत होती. खाटांवर दोघी-तिघी कोपरावर उठून बसलेल्या. आणि टोकाला, खिडकीजवळच्या खाटेपाशी, स्टुलावर आमची सिस्टर. हातात चमचा. शेजारी पाण्याचा जग.

खाट रिकामी होती.

"आजी करतायत," ती पोरगी माझ्या कानात म्हणाली. "आमच्यासाठी! आवाज बसलाय तरी."

सिस्टर त्या उशीकडे बघून बोलत होती. "आजी, मला ऐकू आलं नव्हतं हो."

सगळ्या हसल्या.

"मी तेव्हा डॉक्टरांसारखं चालून दाखवत होते."

परत हसल्या. मला मात्र हसू येईना. आजीचा शब्दन्‌शब्द मला पाठ होता, झोपेत म्हणून दाखवला असता. ही वाक्यं त्यात नव्हतीच.

आता बघा, ड्यूटी बदलते तेव्हा निघणारी नर्स येणारीला घेऊन प्रत्येक खाटेपाशी उभी राहते आणि या पेशंटला काय द्यायचं, काय नाही, ते सांगते. ओव्हर देणं म्हणतात त्याला. त्या वेळी कान उघडे ठेवायचे असतात, बाकी काही नाही.

सिस्टर बोलत होती. "मोठ्या सिस्टर इथे, तुमच्या पायाशी उभ्या होत्या. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, चमच्याचमच्यानं पाणी दे, म्हणाल्या. तुम्ही ऐकलंत. मी त्यांच्या पाठीमागे नकला करत होते. बाकीच्या पोरी हसत होत्या, मला तेवढंच ऐकू येत होतं. लिहून ठेवलेलंही मी वाचलं नाही."

हसणं विरळ झालं.

"रात्रभर तुम्ही सांगत होतात, द्यायला सांगितलंय. आणि मी... फारच हुशार म्हणाले तुम्हाला."

आता कुणीच हसलं नाही. शेकडो हॉल ज्यावर लोळले, ते खरं घडलं होतं. म्हातारी खरं सांगत होती.

"पहाटे तुम्ही गेलात. तशाच. डॉक्टर म्हणाले, जाणारच होत्या. असतील. पण घसा कोरडा ठेवून नाही ना जायचं कुणी... मोठ्या सिस्टरनी सकाळी विचारलं, पाणी दिलंस ना? मी हो म्हटलं. आणि तुमच्या तहानेवरच पोट भरलं हो मी, आजी. इतकी वर्षं."

तिनं चमचा भरला. उशीच्या वर धरला. मी मनात म्हटलं, आता गादीवर सांडणार.

चमचा कलला.

सांडलं नाही.

चादर कोरडी. उशी कोरडी. चमचा रिकामा.

तिनं दुसरा भरला. कलला. गेला.

ड्यूटीवरच्या पोरीनं माझी बाही घट्ट धरली.

मग आवाज आला. घोट घेतल्याचा... पोरांनो, मी आयुष्यभर आवाजावर जगलोय. कुठला आवाज कुठून येतो, हे मी डोळे मिटून सांगतो. तो उशीवरून आला.

"अजून."

कुणी म्हटलं? मी नाही. ती पोरगीही नाही. सिस्टरचे ओठ बंद होते.

ती पाजत राहिली. चमचा. चमचा. जगाचा तळ दिसायला लागला. एका खाटेवरची बाई हमसून रडत होती, पण आवाज न करता. जग रिकामा झाला. सिस्टरनं चमचा खाली ठेवला.

"आजी... माफ केलंत?"

...

काही नाही.

"आजी?"

...

मग तिचा उजवा हात वर आला. तिनं उचलला नाही, मी बघत होतो. मनगटापाशी कुणी धरून उचलावा तसा आला. उशीच्या वर. तिथे थांबला. किती वेळ, मला विचारू नका. आणि मग धपकन मांडीवर पडला.

मी तिला धरून गाडीत आणली. आतला दिवा लावला. मनगटावर पाण्याची पाच बोटं उमटली होती. बारीक, म्हाताऱ्या माणसाची. मी नॅपकिननं पुसली. फाटकाबाहेर पडेपर्यंत परत उमटली. ती नुसती बघत बसली, मग म्हणाली, "दादा, गाडी मोठ्या सिस्टरच्या घरी घ्या."

एवढ्या रात्री? म्हटलं. तर म्हणाली, "उजाडेपर्यंत बाहेर बसू. पण आज गेले नाही, तर मी कधीच जाणार नाही."

उजाडल्यावर दार उघडलं. मोठ्या सिस्टर आता रिटायर झालेल्या, काठी घेऊन आल्या. हिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. तेव्हा हो म्हटलं ते खोटं होतं म्हणून. त्या बाईंनी काठी दाराला टेकवली. म्हणाल्या, "म्हणजे आजी रात्रभर माझ्या शब्दावर वाट बघत राहिल्या गं. मीच म्हटलं होतं त्यांना, आता मिळेल तुम्हाला पाणी." एवढंच. दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही.

काय म्हणतेस? माफ केलं का आजीनं? अगं, तेच तर सिस्टरलाही कळलेलं नाही. मनगट मायेनं धरलं होतं, की सोडायचं नाही म्हणून धरलं होतं... मीही खूप विचार केला. सोडून दिला.

ती अजून शो करते. आजी करत नाही. लोक ओरडतात, आजी! आजी! तर ती हसून म्हणते, "आजी झोपल्यात," आणि पुढे जाते. लोकांना तेही विनोदीच वाटतं.

मागच्या महिन्यात भेटली. उकाडा असूनही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. माझी चौकशी केली, गुडघ्याला कुठलं तेल लावू ते सांगितलं. निघताना तिनं माझा हात हातात घेतला आणि खूप वेळ सोडला नाही.

घरी आलो, शर्ट काढला.

तिनं धरलेल्या हाताचा कफ ओला होता. पिळला... तर पाणी निघालं.