सान्ता देल्फिनाचे सहा सुरुंग

टॉर्च बंद कर रे, इग्नासियो. बॅटरी काय सासऱ्यानं दिलीय? शेकोटी आहे की. आणि उद्या सान्ता देल्फिनाच्या खाणीत उतरायचं म्हणताय ना तुम्ही दोघं, मग आधी हे ऐका. खोटं वाटलं तर कोपियापोला जाऊन एर्मिनियो काम्पिय्यायला विचारा. माझ्या थोरलीचा धर्मपिता तो. जिवंत आहे अजून, फक्त फारसं बोलत नाही.

दोन हजार एकोणीस, नऊ ऑगस्ट, शुक्रवार. एर्मिनियो आणि त्याचा धाकटा भाऊ उबाल्दो कॉम्प्रेसरसाठी डिझेल घेऊन पिकअपमधून निघाले. वाटेत पाव आणि बकरीचं चीज घेतलं. उबाल्दो जन्माचा टवाळखोर, पण एर्मिनियोचा जीव त्याच्यात. आई गेल्यापासून त्यानंच वाढवलेला.

खाण तुम्हाला ठाऊक आहे. वर तांबूस, गंजका दगड, त्यात गारगोटीची वीतभर शिरा, आणि शिरेत सोनं. साठ मीटर खाली ती एकदम तुटते. डोंगरच तिथं कधीकाळी चिरून सरकलाय. पूर्वीच्या मालकानं दोन वर्षं डावीकडे खणलं, हाती माती. त्याचा मुकादम घसा फोडून सांगत होता, उजवीकडे, साहेब, उजवीकडे! कोण ऐकतंय? अठ्ठेचाळीस साली खाण बंद केली. त्या दिवशी सगळे वर आले, मुकादम आला नाही. शोधला. मिळाला नाही.

एर्मिनियोनं त्या चिरेवर नुसता तळहात फिरवला. पलीकडचा दगड ज्या अंगाला सरकलेला असतो, त्या अंगाला हात गुळगुळीत जातो, उलटा फिरवला की खरखरतो. हात उजवीकडे गुळगुळीत गेला. म्हणजे मुकादम खरा होता. शिरा तिकडेच, आणि तिथला दगड डोंगर झाल्यापासून कुणी उघडलेला नव्हता.

दोघांनी मशीननं सहा भोकं पाडली, सुरुंग भरले. रात्री साडेदहाला वाती पेटवून वर आले आणि आपण करतो तेच केलं, मोठ्यानं मोजलं. एक कमी भरला तर तो आत जिवंत आहे, मग पाऊल टाकायचं नाही. सहा फुटले. दोघांचेही सहा भरले. खाण मोकळी.

पावणेबाराला उबाल्दोनं हेल्मेट उचललं.

"दादा, बघून येतो."

"धूर पुरता जाऊ दे. परवा बघू."

"परवा? बारा वाजले की आपल्या खाणवाल्यांच्या सान लोरेन्सोचा सण. मग अख्खा दिवस खाणीत जायचं नाही. मला झोप तरी लागेल का?"

"एवढी कसली घाई? शिरा काय पळून चाललीय?"

"एकदा पळालीच आहे! तू चहा ठेव, आलोच."

एर्मिनियोनं जाऊ दिलं. ते त्याच्या मनातून अजून जात नाही.

चहाला आधण आलं. वारा पडला होता. खालून आवाज आला. टक्... टक्... पहारेवर घण पडावा तसा.

"उबाल्दो! काय ठोकतोयस?"

"मी कुठं? मला वाटलं तूच!"

त्यांच्याकडे घण नव्हता.

टक्...

थांबलं.

एर्मिनियो खाणीच्या तोंडाशी वाकला. आत अंधार. बराच वेळ काही नाही...

मग हाक आली. "बार!"

वात पेटवल्यावर आपण देतो तीच. पण आवाज म्हाताऱ्याचा. जाड. सावकाश.

"बार!..."

"पळ!" एर्मिनियो ओरडला. "उबाल्दो, पळ!"

"बार!..."

खालून हसू आलं. "पुरे रे दादा! सहाच्या सहा मोजलेत. मला घाबरवतोस होय?"

...

सातवा फुटला.

उबाल्दोला काढायला तीन दिवस लागले. मी होतो तिथं. एर्मिनियोनं त्याला दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही, एकट्यानं खांद्यावर घेऊन वर आला. शिरा समोरच उघडी पडली होती, हातभर रुंद. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मी मागे थांबलो. भोकांच्या खुणा मोजल्या. सहा मशीनच्या, एकसारख्या. सातवं भोक हातानं पाडलेलं. आत सुरुंगाच्या दारूचा वास ताजा.

माझ्या बापानं आयुष्यभर अशी भोकं पाडली. जसजसं आत जावं तसतशी लांब पण बारीक पहार घ्यावी लागते. त्यामुळं भोक तोंडाशी रुंद असतं आणि आत निमुळतं होत जातं. जिथून माणूस ठोकतो, तिथं रुंद.

मी त्यात काठी घातली. आपल्या बाजूला जेमतेम करंगळीएवढं होतं. काठी आत सरकली तसं ते रुंद होत गेलं... आणखी रुंद... काठी आत मोकळी हलायला लागली.

तोंड पलीकडे होतं, इग्नासियो. अखंड दगडाच्या आत.