चारशे बाराव्या फ्रेममधला हात

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं मी काही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलं. मंगळवारी. भर दुपारी, सव्वादोनला.

दोघी बहिणींतली ती धाकटी. तिचा आणि ताईचा छोटासा स्टुडिओ होता, शिंप्याच्या दुकानावर. बाहुल्यांचे सिनेमे करायच्या. बाहुली केसभर हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदाला असे बारा फोटो, म्हणजे बारा फ्रेम. खिडक्यांना काळे पडदे, त्यामुळे आत दिवस कधी उजाडायचाच नाही.

घाईत कधी हात बाजूला घ्यायचा राहतो आणि फोटोत येतो. तो फोटो काढून टाकायचा. एवढंच.

मार्चमध्ये ताई गेली.

सिनेमा तिचा होता. गोष्ट तिची, बाहुल्या तिच्या, दोन वर्षं तिची. शेवटचा प्रसंग तेवढा राहिलेला. म्हातारी बाहुली दार लावून घेते.

आणि ताईचा नवरा म्हणाला, दिग्दर्शक म्हणून माझं नाव टाक.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, नावं वाचायला कोण थांबतं? लोक बाहुल्या बघतात."

"मग तुमचं तरी कशाला, भाऊजी?"

"जागा माझी आहे. विसरू नकोस."

दातओठ खात तिनं ताईचं नाव पुसलं. त्याचं टाकलं.

स्वतःच्या बोटांनी.

मग दाराला आतून कडी घालून शेवटचा प्रसंग काढला. एकटीनंच. आणि चालवून पाहिला.

बाहुली वळली… दाराला हात लावला… आणि…

फ्रेम ४१२. हात.

आपलाच राहिला असणार. ती स्वतःवरच चरफडली. फोटो काढून टाकला. पुन्हा चालवलं.

फ्रेम ४१२. हात.

फ्रेम ४१३. हात. केसभर पुढे.

फ्रेम ४१४. आणखी केसभर.

बाहुली हलवतात ना, अगदी तसा कुणीतरी तो हात पुढे आणत होतं…

अंगठ्यापाशी गरम गोंदानं भाजल्याचा चट्टा. ताईचा.

मूठ आवळलेली.

खाली शिंप्याचं मशीन थांबलं…

कॅमेऱ्याचा खटका वाजला…

धाकटीचे दोन्ही हात मांडीवर होते.

फ्रेम ४१५.

तिनं तिथूनच भाऊजींना फोन लावला. ताईचं नाव परत टाकतेय म्हणून सांगितलं. ते वाट्टेल ते बोलले. महिनाअखेर जागा खाली कर म्हणाले.

"करते की. ताईच्या बाहुल्यांसकट."

नाव टाकलं. पुन्हा चालवलं. बाहुलीनं दार लावून घेतलं. हात कुठेच नव्हता.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आता तिचा स्टुडिओ दुसरीकडे आहे. नवी गोष्ट, नव्या बाहुल्या. परवा तिनं मला बोलावून घेतलं. स्क्रीनकडे बोट केलं.

फ्रेम १. रिकामं टेबल…

आणि मूठ.

भाऊजींवरचा राग अजून गेला नसेल ताईचा, मी म्हटलं. उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"नाव त्यांनी कुठे पुसलं होतं रे," धाकटी म्हणाली. "मी पुसलं."

आम्ही दोघं दारापाशी उभे होतो. टेबलापाशी कुणी नव्हतं.

खटका वाजला.